रिकाम्या खाचेची कुळकथा

मंडळी, आपल्या गावच्या शाळेत, ग्रामपंचायतीच्या कचेरीत, नाहीतर एखाद्या शिक्षकाच्या घरी दहा-बारा वर्षांपूर्वीचा एक संगणक हमखास सापडतो. टेबलाखाली ती लोखंडी पेटी उभी असते. बोलताना आपण तिला सरसकट 'सीपीयू' म्हणतो. तिच्यावर धूळ बसलेली असते, पंखा घरघरत असतो आणि पडद्यावरचे चित्र अडखळत अडखळत उमटते. वर्षअखेर जवळ आली, की कुणीतरी जडवस्तू नोंदवही पुढे ओढतो आणि म्हणतो, "हा आता म्हातारा झाला. करून टाकू निर्लेखन!"

करायचे तर जरूर करावे. पण त्याआधी एक काम करा. वायर काढा, पेटीच्या बाजूचे दोन स्क्रू सोडवा आणि आत डोकावून पाहा. आतल्या मोठ्या हिरव्या किंवा काळ्या पाटीवर, म्हणजे मदरबोर्डावर, एक लांबट खाच दिसेल. बहुधा ती रिकामी असेल. ज्याने हे यंत्र बनवले त्याने पुढे येणाऱ्या पाहुण्यासाठी ही जागा राखून ठेवली आहे. त्या पाहुण्याचे नाव ग्राफिक्स कार्ड. ही जागा तिथे आली कशी, ती बंद करण्याचे प्रयत्न कुणी केले, आणि तिच्यामुळे आपल्या मराठी अक्षरांनाही संगणकात कसे बसायला मिळाले, ती हकिगत आज सांगायची आहे.

आधी हे कार्ड करते काय, ते पाहू. संगणकाचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. आजच्या सर्वसाधारण पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. ही सारी रांगोळी दर सेकंदाला साधारण ६० वेळा नव्याने भरावी लागते. गुणाकार करून पाहा, सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपके होतात! कोणत्या ठिपक्यात कोणता रंग भरायचा, हे ठरवून ते पडद्याकडे धाडण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. अलीकडच्या बऱ्याच संगणकांत हे काम मुख्य प्रोसेसरच्या पोटातच होते. पत्र लिहायला, हजेरी भरायला तेवढे पुरते. पण चलच्चित्रे जोडायची, इमारतीचे आराखडे काढायचे किंवा त्रिमितीचे खेळ खेळायचे म्हटले, की स्वतंत्र कार्डाची गरज पडते.

आता मूळ गोष्टीकडे वळू. १९७५ साली अमेरिकेत 'अल्टेअर ८८००' नावाचा, हौशी माणसांनी घरी जोडायचा संगणक निघाला. त्याला ना पडदा होता, ना अक्षरांचा फलक. पण आत एकसारख्या खाचांची रांग होती. लागेल तसे कार्ड आणावे आणि खोचावे. दोन वर्षांनी, १९७७ साली 'अॅपल-२' आला. त्याचा आराखडा स्टीव्ह वॉझ्नियाक यांचा. त्यांना आत आठ खाचा हव्या होत्या. त्यांचे भागीदार स्टीव्ह जॉब्ज म्हणत, दोन पुरेत. एक छपाईयंत्राला, एक टेलिफोनच्या तारेवरून बोलणाऱ्या मोडेमला. लोकांना आणखी काय लागणार? वॉझ्नियाक हटले नाहीत. आठ खाचा राहिल्या, आणि लोकांनी त्या भरूनही दाखवल्या.

पण या चालीला खरा व्याप आला तो १९८१ च्या ऑगस्टात. आयबीएम या बलाढ्य अमेरिकन कंपनीने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' त्या महिन्यात बाजारात आणला. त्यात पाच खाचा होत्या. एवढेच नव्हे, तर पडद्यावर चित्र उमटवण्याचे कामसुद्धा कंपनीने मुख्य पाटीवर ठेवले नव्हते. त्यासाठी कार्डच खोचावे लागे. अशी दोन कार्डे होती. एकावर फक्त अक्षरे उमटत, स्वच्छ आणि ठसठशीत. पण चित्र काढायची सोय त्यात नव्हती. दुसऱ्यावर रंगीत चित्रे येत; पण किती रंग? ३२० बाय २०० ठिपके आणि एका वेळी चार रंग! या कार्डाची सारी स्मृती १६ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो त्याच्या शंभरपट जागा सहज खातो.

आयबीएमने आणखी एक गोष्ट केली. यंत्राच्या आतल्या जोडण्यांच्या आकृत्या एका तांत्रिक पुस्तकात छापून ते पुस्तक विकायला ठेवले. खाचेतील कोणत्या पट्टीवरून कोणता संदेश जातो, हे कुणीही वाचावे. घर बांधणाऱ्याने घराचा नकाशाच चावडीवर लावावा, तसा हा प्रकार. परिणाम काय झाला? जगभरची माणसे त्या खाचांत बसतील अशी कार्डे बनवू लागली.

त्यांतलेच एक होते थायलंडचे व्हॅन सुवन्नुकुल. ते अमेरिकेत शिकत होते आणि आपला प्रबंध त्यांना थाई लिपीत लिहायचा होता. मंडळी, थाई लिपी आपल्या देवनागरीची दूरची नातलग आहे. तिच्यातही अक्षराच्या वर, खाली, मागे, पुढे स्वरचिन्हे बसतात. आयबीएमच्या अक्षरांच्या कार्डात २५६ ठरीव चिन्हे कोरलेली. त्यांत थाई अक्षराला जागा कुठली? तेव्हा या गृहस्थांनी स्वतःच नवे कार्ड बनवले. ठसठशीत अक्षरेही उमटवायची आणि त्याच पडद्यावर ७२० बाय ३४८ ठिपक्यांत हवे ते चित्रही रेखाटायचे, अशी त्याची करामत. १९८२ साली निघालेले हे 'हर्क्युलिस' कार्ड थाई न जाणणाऱ्यांनीही जगभर विकत घेतले, कारण आकड्यांचा तक्ता आणि त्याचा आलेख एकाच पडद्यावर स्वच्छ दिसण्याची सोय त्याने करून दिली. आपल्या लिपीसाठी एकाने खटपट केली आणि तिचा लाभ सर्वांना झाला.

आता आपल्याकडे या. १९८० च्या दशकात आपल्या कचेऱ्यांतही संगणक आले; पण त्यांना मराठी येत नव्हती. इंग्रजीत एका अक्षरापुढे दुसरे ठेवले की भागते. आपल्याकडे 'क्ष' आहे, 'ज्ञ' आहे, 'र्‍या' आहे. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते आणि लिहिताना आधी. हे त्या यंत्राला शिकवायचे कुणी? या प्रश्नावर कानपूरच्या आयआयटीत काम सुरू झाले. पुढे १९८८ साली पुण्यात सी-डॅक, म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्र स्थापन झाले आणि ते काम तिथे वाढीस लागले. त्यातून निघाले 'जिस्ट' कार्ड. हेसुद्धा संगणकाच्या रिकाम्या खाचेतच खोचायचे. इंग्रजीसाठी लिहिलेला डॉसचा कार्यक्रम आपल्या जागी चालत राही आणि पडद्यावर देवनागरी उमटवण्याची जबाबदारी हे कार्ड उचली. कार्यक्रमाला पत्ताही नसे, की आपण आता मराठी लिहीत आहोत!

या कार्डामागे एक संकेतावलीही होती. तिचे नाव 'इस्की'. १९९१ साली भारतीय मानक म्हणून ती प्रसिद्ध झाली. तिच्यात 'क' ला एकच क्रमांक, मग तो देवनागरीतला असो, बंगालीतला असो की कन्नडमधला. आपल्या लिप्या एकाच ब्राह्मीच्या लेकी आहेत, ही जाण त्या मांडणीत होती. पुढे साऱ्या जगासाठी 'युनिकोड' तयार झाले, तेव्हा त्यातील भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरून घेतली गेली. आज आपण मोबाइलवर मराठीत निरोप धाडतो, त्याची एक मुळी पुण्यातल्या त्या कार्डापर्यंत पोचते. संगणकांना कार्डाशिवाय मराठी लिहिता येऊ लागले तेव्हा जिस्ट कार्डाचे काम संपले. पण सुरुवातीला त्याला बसायला जागा मिळाली, ती अमेरिकेत कुणीतरी पाटीवर खाच रिकामी सोडली होती म्हणून. हे विसरता कामा नये.

अशी मोकळी जागा सर्वांनाच रुचते असे मात्र नाही. १९८४ साली अॅपलचा पहिला 'मॅकिंटॉश' निघाला, तो खाचांविना, आणि त्याची पेटी उघडायला वेगळे हत्यार लागे. १९८७ साली खुद्द आयबीएमने पवित्रा बदलला. 'पीएस-२' नावाच्या नव्या संगणकांत तिने नव्या तऱ्हेची खाच घातली. जुनी कार्डे तीत बसत नसत, आणि इतर कारखानदारांना ती वापरायची तर परवान्याचे पैसे मोजावे लागत. चावडीवरचा नकाशा काढून घेऊन कुलपात ठेवला, म्हणा ना! तेव्हा १९८८ साली नऊ प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या आणि जुनी कार्डेही बसतील अशी आपली खाच त्यांनी जाहीर केली. आयबीएमची खाच रुजली नाही. त्याच पीएस-२ मधली दुसरी एक गोष्ट मात्र चिरंजीव ठरली. ती म्हणजे 'व्हीजीए'. तीन ओळींत पंधरा टाचण्यांचे ते बहुधा निळे प्लग तुम्ही शाळेतल्या प्रोजेक्टरला लावलेले असेल. त्याचा जन्म १९८७ चा.

पुढची पायरी म्हणजे १९९२ साली इंटेलने मांडलेली 'पीसीआय' खाच. आणि १९९६ साली 'थ्री-डी-एफएक्स' या कंपनीचे 'व्हूडू' कार्ड आले. त्याला फक्त त्रिमितीची चित्रेच काढता येत. साध्या पडद्यासाठी आधीचे कार्ड ठेवावेच लागे, आणि दोघांना जोडणारी तार मागच्या बाजूने ओवावी लागे. तरीही तरुण मंडळींनी ते घेतले, कारण खेळातल्या भिंती, पाणी, सावल्या प्रथमच खऱ्यासारख्या दिसू लागल्या. १९९९ मध्ये एन्व्हिडियाचे 'जीफोर्स २५६' आले. 'जीपीयू' हे नाव त्याच्याच जाहिरातीने रूढ केले. दुसऱ्याच वर्षाच्या अखेरीस थ्री-डी-एफएक्सची मालमत्ता एन्व्हिडियाने विकत घेतली. कालचा पहिलवान आज आखाड्याबाहेर!

या कार्डाचे बळ कशात आहे? भाताच्या लावणीचे शेत डोळ्यांपुढे आणा. एक गडी कितीही हुशार असला, तरी एकट्याने एकर लावायला त्याला दिवस लागतात. पण चाळीस माणसे ओळीने उभी राहिली आणि प्रत्येकाने आपापला पट्टा धरला, की दुपारपर्यंत शेत हिरवे होते. शेजाऱ्याला काही विचारायची गरज नाही. काम साधे, हात पुष्कळ. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा तो हुशार गडी. ग्राफिक्स कार्डावर शेकड्यांनी, आता तर हजारांनी, साधी बेरीज-गुणाकार करणारे हात असतात. प्रत्येक ठिपक्याचे गणित वेगळे, म्हणून सगळे एकदम कामाला लागतात.

हेच हात चित्राखेरीज इतर गणितांनाही लावता येतील, हे ध्यानात यायला फार काळ गेला नाही. २००७ च्या सुमारास त्यासाठी सोयीची साधने मिळू लागली. २०१२ साली कॅनडातील टोरंटो विद्यापीठातल्या तीन संशोधकांनी, म्हणजे अॅलेक्स क्रिझेव्स्की, इल्या सुत्सकेव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी, यंत्राला सुमारे बारा लाख चित्रे दाखवून वस्तू ओळखायला शिकवले. त्यासाठी त्यांनी वापरली खेळासाठी दुकानात मिळणारी दोन ग्राफिक्स कार्डे, प्रत्येकी तीन गिगाबाइट स्मृतीची. पाच-सहा दिवस ती चालत राहिली, आणि त्यांच्या यंत्राने त्या वर्षीच्या स्पर्धेत इतरांना फार मागे टाकले. आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा आपण रोज ऐकतो, तिच्या वाटचालीतला हा मोठा टप्पा. हिंटन यांना २०२४ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

इतिहास झाला. आता कुणी विचारील, "गुरुजी, मग आमच्या जुन्या संगणकात कार्ड बसवायचे की नाही?" त्याचे उत्तर आधी रोग ओळखण्यात आहे. संगणक सुरू व्हायलाच पाच मिनिटे लागत असतील, तर दुखणे बहुधा फिरत्या हार्ड डिस्कचे आहे. एसएसडी आणि थोडी अधिक रॅम घातली, तर कमी पैशांत गुण येतो. चित्रांचेच काम अडत असेल, तरच ग्राफिक्स कार्डाचा विचार करावा.

तसे असेल तर बाजारात जाण्यापूर्वी मोजमाप करा. २००४ पासून 'पीसीआय एक्स्प्रेस' नावाची लांब खाच प्रचारात आहे, आणि तिची खुबी अशी की नवे कार्ड जुन्या खाचेतही बसते, फक्त गती जुन्या खाचेची मिळते. काही स्वस्त नवी कार्डे खाचेतल्या थोड्याच वाटा वापरतात. ती जुन्या खाचेत जास्त मंदावतात, आणि फार जुन्या मशीनवर नवे कार्ड कधी कधी सुरूच होत नाही. म्हणून खात्री करून घ्यावी. दुसरे म्हणजे वीज. खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक वीज खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी तार द्यावी लागते. सहा टाचण्यांच्या तारेतून ७५ आणि आठ टाचण्यांच्या तारेतून १५० वॅट. अशी तार आपल्या पेटीत नसेल, तर जोडतोड करू नका. खाचेच्याच विजेवर चालणारे लहान कार्ड घ्या. तिसरे, पेटीची लांबी-उंची पट्टीने मोजा. चौथे, पडद्याचा प्लग पाहा. बऱ्याच नव्या कार्डांवर ते निळे व्हीजीए नसते.

आणि पाचवे सर्वांत महत्त्वाचे. धष्टपुष्ट बैलाच्या जोडीला थकलेला बैल जुंपला, तर नांगर चालतो तो थकलेल्याच्या पावलाने. जुन्या प्रोसेसरच्या जोडीला महागडे कार्ड घातले तर तेच होते. जोड बेताची हवी. सेकंडहँड कार्ड घेताना ते डोळ्यांसमोर चालवून पाहावे. आभासी चलनाच्या खाणकामात रात्रंदिवस राबलेली कितीतरी कार्डे मागल्या काही वर्षांत जुन्या बाजारात येऊन पडली आहेत. विंडोज-१० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा कार्डाचा ड्रायव्हर कोणत्या प्रणालीवर चालणार, हे आधीच विचारून घ्यावे.

बसवताना प्लग भिंतीतून काढावा, पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी, कार्ड कडांना धरावे आणि टोकाची खिट्टी 'टक्' वाजेपर्यंत सरळ दाबावे. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

एक अनुभव सांगतो. आमच्या ओळखीच्या एका शाळेत असेच कार्ड बसवले. बटण दाबले, पंखा फिरला, पण पडदा काळाच. शिक्षक म्हणाले, कार्ड खराब. मुख्याध्यापक म्हणाले, पैसे पाण्यात. दोन दिवस ते तसेच पडून. तिसऱ्या दिवशी नववीतली एक मुलगी मागच्या बाजूला वाकून म्हणाली, "सर, पडद्याची तार तर अजून जुन्याच जागी आहे!" खरेच की! तार मदरबोर्डाच्या प्लगातच राहिली होती. ती कार्डाच्या प्लगात लावली आणि चित्र आले. त्या वर्गातल्या पोरांना त्या दिवशी कळले, की संगणक ही दुरून नमस्कार करायची वस्तू नाही. ती उघडता येते, समजून घेता येते आणि सुधारताही येते.

मंडळी, ही जाण टिकवणे आता सोपे राहिलेले नाही. आजचे मोबाइल, बरेचसे लॅपटॉप, पडद्यातच सारे सामावलेले संगणक यांत अशी खाच नसते. भाग एकमेकांना डाक लावून चिकटवलेले असतात. ते हलके असतात, सुबक असतात, हे कबूल. पण पुढे गरज वाढली, तर घालायचे काय आणि कुठे? तेव्हा यंत्र टाकून देण्यावाचून मार्ग उरत नाही. म्हणून शाळेसाठी नवा संगणक घ्यायची वेळ आली, तर किमतीबरोबर दुकानदाराला दोन प्रश्न जरूर विचारा: याचे झाकण उघडते का? आत एखादी खाच मोकळी आहे का?

आणि तो जुना संगणक? निर्लेखनाच्या कागदावर सही करण्याआधी एका शनिवारी तो वर्गात आणा. मुलांना भोवती बसवा, धूळ झटका, झाकण काढा आणि ती खाच त्यांना दाखवा. एका थाई विद्यार्थ्याने आपल्या लिपीसाठी काय केले आणि पुण्याच्या मंडळींनी आपल्या लिपीसाठी काय केले, ते सांगा. कार्ड बसवायचे की नाही, ते मग सगळे मिळून ठरवा.